चाकूरचा थेंब नांदेडला जातो का?

बालदोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. वही-पेन्सिल घेऊन बसा. आई-बाबा जवळपास असतील तर त्यांनाही हाक मारा, कारण कोडं दिसायला सोपं आहे, पण मोठी माणसंही त्यात हमखास फसतात.

लातूर जिल्ह्यात चाकूर नावाचं तालुक्याचं गाव आहे. समजा, जुलै महिना आहे आणि चाकूरच्या एका शाळेच्या पत्र्यावर पावसाचा एक टपोरा थेंब पडला. पत्र्यावरून पन्हळीत, पन्हळीतून नालीत, नालीतून ओढ्यात असा तो निघाला. चाकूरपासून रस्त्याने साधारण १०० किलोमीटरवर, ईशान्येला, गोदावरीच्या काठी नांदेड शहर वसलं आहे. आता सांगा बघू, आपला हा थेंब नांदेडच्या घाटावरून जाईल की नाही?

उत्तर वहीत लिहून ठेवा. खोडायचं मात्र नाही हं! आपण आता प्रवासाला निघणार आहोत. प्रवास संपला की उत्तर तपासू.

हे कोडं मला सुचलं ते चाकूरच्या बसस्थानकावर. मी नांदेडच्या एस.टी.ची वाट बघत होतो. शेजारी सहावीतला एक मुलगा आणि त्याची आजी बसली होती. दोघं नांदेडला मामाकडे निघाले होते. मी मांडीवर नकाशा पसरलेला बघून आजी म्हणाल्या, "काय बघायलाव गुरुजी एवढं?"

"नद्या बघतोय, आजी."

त्यावर मुलगा एकदम म्हणाला, "आमच्या गावाला नदीच नाही काका! पुस्तकात सगळी मोठी शहरं नदीकाठी असतात. नाशिक, पैठण, नांदेड. म्हणून तर आमचं गाव लहान राहिलं."

मुलगा हुशार होता. त्याचं अर्धं बरोबर होतं. उरलेलं अर्धं तपासायला आम्हांला नांदेडपर्यंतचा रस्ता होताच.

पठारावरचं गाव

आधी चाकूर नीट बघून घेऊ. मराठवाड्याच्या दक्षिण भागात बालाघाटाचे डोंगर आणि त्यांचं पठार पसरलेलं आहे. लातूर जिल्ह्याचा बराचसा भाग या पठारावर येतो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची साधारण ५४० ते ६३८ मीटर. खाली काळा बेसॉल्ट खडक, त्यावर कुठे खोल तर कुठे वीतभर काळी माती. सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी ही इथली पिकं. पाऊस वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास. पण ही सरासरी झाली. एखाद्या वर्षी तो धो धो कोसळतो आणि एखाद्या वर्षी तोंडच दाखवत नाही.

बेसॉल्ट खडकाचा एक स्वभाव ध्यानात ठेवा. तो वाळूसारखा पाणी पिऊन घेत नाही. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. त्यामुळे पठारावरचं पावसाचं पाणी अडवलं नाही, तर ते उतार दिसेल तिकडे पळ काढतं.

चाकूर तालुक्यातच वडवळ नागनाथ नावाचं गाव आहे. त्याच्या जवळच्या टेकडीला लोक 'वनस्पती बेट' म्हणतात. भोवती पाणी नसलं तरी नाव बेट! औषधी वनस्पतींसाठी ही टेकडी प्रसिद्ध आहे. याच वडवळच्या परिसरात घरणी नावाची छोटी नदी उगम पावते. म्हणजे "आमच्याकडे नदी नाही" हे त्या मुलाचं म्हणणं तितकंसं खरं नाही. गावातून रुंद पात्र वाहत नाही, हे खरं. पण चाकूरसारख्या उंचावरच्या गावांतून नद्या *सुरू* होतात. आणि सुरुवातीला प्रत्येक नदी लहानच असते, अगदी तुमच्यासारखी!

चाकूर लहान असलं तरी त्याचं नाव दूरवर गेलेलं आहे. १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष असलेले शिवराज पाटील चाकूरकर इथलेच. सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्रही इथे आहे. त्यामुळे चाकूरच्या बाजारात दूरदूरच्या राज्यांतल्या भाषा कानावर पडल्या, तर नवल वाटून घेऊ नका.

उतरती वाट

बस आली. आजींना खिडकी हवी होती आणि नातवालाही खिडकीच हवी होती. शेवटी नातू जिंकला, हे सांगायला नकोच.

ही वाट तुळजापूर–लातूर–नांदेड–नागपूर या महामार्गाची. चाकूर सुटलं की शिरूर ताजबंद लागतं, मग अहमदपूर. अहमदपूर ओलांडून पुढे गेलं की मन्याड नदी भेटते. काही जण तिला मानारही म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीजवळून ती निघते आणि पूर्वेकडे, कंधारच्या दिशेने जाते. नांदेड जिल्ह्यात लिंबोटी इथे या नदीवर धरण आहे.

पुढे माळेगाव. नाव ऐकताच आजींनी हात जोडले. इथे खंडोबाचं देऊळ आहे आणि मार्गशीर्षात मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, कुत्री अशा जनावरांचा बाजार बघायला महाराष्ट्रातूनच नव्हे, तर शेजारच्या राज्यांतूनही लोक येतात. वर्षातले चार-सहा दिवस हे छोटं गाव एखाद्या शहराएवढं होतं आणि यात्रा उठली की पुन्हा गाव. लोकसंख्या म्हणजे एका जागी चिकटून राहिलेला आकडा नसतो, हे माळेगावला चांगलं कळतं.

मग लोहा, सोनखेड. आता रस्ता हळूहळू उतरू लागतो. आपण बालाघाटाच्या पठारावरून गोदावरीच्या खोऱ्यात येत असतो. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर आहे. पठाराची उंची वर दिली आहे. वजाबाकी तुम्ही करा. निदान पावणेदोनशे मीटर तरी आपण खाली आलेलो असतो.

"पाणी पण असंच उतरत येत असंल नांदेडला," मुलगा म्हणाला.

मी फक्त हसलो. त्याने वहीत काय लिहिलं असेल, ते तुमच्या लक्षात आलं ना?

गोदाकाठचं नांदेड

शहर यायच्या आधी विष्णुपुरी लागते. इथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. ते १९९४ साली सुरू झालं. जवळच गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्पाचा जलाशय आहे. त्याला 'शंकरसागर' असं नाव दिलं आहे. गोदावरी इथे खोल पात्रातून वाहते आणि शेतं वर राहतात. म्हणून पंपांनी पाणी उपसून कालव्यात सोडावं लागतं. याला उपसा सिंचन म्हणतात. नांदेड शहराच्या नळांना येणारं पाणीही मुख्यतः याच जलाशयातलं.

पुलावर आल्यावर गाडीतल्या निम्म्या माणसांनी नदीला नमस्कार केला. आजींनी कनवटीचं एक नाणं काढलं, पण गर्दीत खिडकीपर्यंत हात पोचेना. "राहू द्या आजी," मी म्हटलं, "नाण्यापेक्षा तिच्यात घाण कमी गेली तर ती जास्त खूश होईल." आजींना ते पटलं की नाही कोण जाणे, पण नाणं परत कनवटीला गेलं.

ही गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, पैठणला जायकवाडीच्या नाथसागरात थांबते, मग गंगाखेडवरून नांदेडला येते. तिची एकूण लांबी १,४६५ किलोमीटर. नांदेडच्या दक्षिणेला गोदावरी आणि उत्तरेच्या अंगाला आसना नदी. या दोघींच्या मधे शहर वसलं आणि वाढलं. पुढे पूर्वेला आसना गोदावरीला मिळते.

नदीकाठी वस्ती का होते, ते इथे डोळ्यांनी दिसतं. प्यायला पाणी, गाळाची सुपीक जमीन, पात्र ओलांडायला उतार, आणि देवाधर्मासाठी घाट. नांदेड फार जुनं आहे. वाशीमला सापडलेल्या वाकाटक राजांच्या ताम्रपटात 'नांदीकड' असं नाव येतं. तो ताम्रपट चौथ्या शतकातला, आणि हे नाव म्हणजेच आजचं नांदेड असं अभ्यासक मानतात. गोदावरीच्या काठावर नंदगिरी किल्ल्याचे अवशेष आजही उभे आहेत.

१७०८ साली शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले आणि इथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या स्मृतीचं सचखंड हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. आजची मुख्य वास्तू पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. पंजाबातून निघालेली माणसं हजारो किलोमीटर ओलांडून गोदाकाठच्या या शहरात येतात. नगीना घाटावर उभे राहिलात तर मराठी, पंजाबी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू अशा पाच भाषा पाच मिनिटांत ऐकू येतील. बंजारा भाषाही ऐकू आली, तर सहा!

इतक्या भाषा इथे कशा? नकाशा बघा. नांदेड जिल्ह्याच्या एका बाजूला तेलंगणा, दुसऱ्या बाजूला कर्नाटक. शिवाय हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण बाजारहाट, सोयरिका आणि बोलणं त्या सीमांपेक्षा जुनं आहे.

माणसं मोजू या

आता थोडं गणित. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराचंच आहे.

आपल्याकडची शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. २०२१ ची गणना कोरोनाच्या साथीमुळे लांबणीवर पडली. २०११ साली नांदेड-वाघाळा महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे साडेपाच लाख माणसं होती. त्याच्या दहा वर्षं आधी, २००१ साली, ती सुमारे चार लाख तीस हजार होती. म्हणजे दहा वर्षांत वाढली साधारण एक लाख वीस हजार.

या वाढीला दहा वर्षांच्या दिवसांनी भागा. ३,६५० दिवस धरले तर उत्तर येतं दिवसाला सुमारे ३३. म्हणजे रोज एक अख्खा वर्ग भरेल एवढी माणसं शहरात वाढत होती! काही तिथे जन्मली. काही शिक्षणासाठी, नोकरीसाठी, दवाखान्यासाठी, किंवा गावाकडे पाऊस पडला नाही म्हणून आली. शेजारचे तालुके महापालिकेला अशी माणसं पुरवत असतात. आमच्या बसमधल्या मुलाचा मामाही चाकूरकडूनच गेलेला.

साडेपाच लाख म्हणजे फार झाले का? भारतात एक लाखाच्या वर वस्ती असली की जनगणनेत त्याला शहर समजतात. त्या हिशेबाने नांदेड चांगलं मोठं. पण २०११ साली मुंबईत सव्वा कोटीच्या जवळपास माणसं होती. म्हणजे मुंबईत बावीस-तेवीस नांदेडं मावली असती. शहर लहान की मोठं, हे तुम्ही कुणाशेजारी उभं करून बघता त्यावर आहे.

आता त्या मुलाच्या अर्ध्या बरोबर उत्तराकडे येऊ. नदी होती म्हणून नांदेड वसलं, हे खरं. पण नुसत्या नदीने शहर वाढत नाही. १९०० सालच्या सुमाराला हैदराबाद–मनमाड रेल्वेमार्ग इथून गेला. पुढे उस्मानशाही कापड गिरणी निघाली (ती आता बंद आहे). मग महाविद्यालयं आली, विद्यापीठ आलं. उलट लातूर बघा. लातूर काही मोठ्या नदीच्या ऐन काठावर नाही. तरी बाजारपेठ आणि शिक्षण यांच्या जोरावर ते वाढत गेलं. १९८२ साली ते वेगळ्या जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि २०११ साली शहरात पावणेचार लाखांहून जास्त माणसं होती.

माणसं वाढली, पण पाणी? ते काही शाळेत नाव घालून वाढत नाही. इथेच खरी गोम आहे.

साडेसहा लीटरची गोष्ट

शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लीटर पाणी मिळावं, असं आपल्याकडे प्रमाण धरतात. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणी-भांडी, संडास सगळं त्यात आलं. नांदेडच्या साडेपाच लाख माणसांना १३५ ने गुणा. उत्तर जवळजवळ साडेसात कोटी लीटर. रोजचं!

आता लातूरची २०१६ सालची हकीकत ऐका. तुमच्यापैकी काही जण तेव्हा फार लहान असाल, काहींचा जन्मही झाला नसेल. आई-बाबांना मात्र ती चांगली आठवत असेल. लागोपाठ पाऊस कमी झाला. लातूरला पाणी देणारं मांजरा नदीवरचं धरण कोरडं पडलं. शेवटी मिरजेहून, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून, रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिल २०१६ ला पहिली पाणीगाडी लातूरला पोचली. दहा टाक्या, पाच लाख लीटर. काही दिवसांनी पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. तिच्यात २५ लाख लीटर पाणी असे. लोक तिला 'जलदूत' म्हणू लागले.

२५ लाख लीटर म्हणजे केवढं पाणी! पण त्याला शहराच्या लोकसंख्येने भागा. २०११ चाच आकडा धरला तरी माणशी वाट्याला येतात जेमतेम साडेसहा लीटर. एक कळशीसुद्धा भरायची नाही. पन्नास टाक्यांची एवढी लांबलचक गाडी, आणि माणसागणिक कळशीही नाही! पाणी मोजायचं असेल तर आधी माणसं का मोजावी लागतात, ते आता कळलं ना?

बसमधल्या आजींना हे सारं गणिताशिवाय माहीत होतं. त्या म्हणाल्या, "त्या साली दळण नंतर करावं म्हणत होतो, आधी पाण्याचा नंबर. रात्री दोनला उठून हंडे रांगेत लावलेत म्या." नातू त्यांच्याकडे बघत राहिला. त्याने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

थेंबाचा खरा रस्ता

तर आता कोडं सोडवू. नकाशावर बोट ठेवा आणि माझ्या मागून या.

चाकूरच्या पत्र्यावरून निघालेला थेंब ओढ्यातून घरणी नदीत आला, असं धरू. घरणीवर एक धरण आहे. ते भरलेलं असेल तर थेंब सांडव्यावरून उडी मारून पुढे जाईल. घरणी मिळते मांजरा नदीला. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात उगम पावते. तिची लांबी ७२४ किलोमीटर. आणि ती नांदेड शहराकडे जाते का? छे! ती निघते आग्नेयेला, कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्याकडे.

तिथून थेंब तेलंगणात शिरतो. आधी सिंगूर धरण. या भागातलं मांजरेचं पाणी हैदराबाद शहराला प्यायला दिलं जातं. म्हणजे चाकूरच्या शाळेवर पडलेला थेंब हैदराबादच्या एखाद्या मुलाच्या पेल्यात जाऊ शकतो! तिथून निसटला तर पुढे निजामसागर. हे मोठं धरण १९३१ साली पूर्ण झालं. या वाटेत मांजरा एक चमत्कारिक वळण घेते. आपल्याकडच्या बहुतेक नद्या पूर्वेला जातात, ही उत्तरेला वळते. देगलूर, बिलोलीच्या बाजूने, महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्या सीमेजवळून ती वर येते.

आणि आपण बसमधून ओलांडली ती मन्याड? तीही नांदेडला जात नाही. कंधारकडून पुढे जाऊन तीसुद्धा मांजरेलाच मिळते. उदगीर-अहमदपूरकडच्या तिरू आणि लेंडी या नद्यांचं पाणीही शेवटी मांजरेतच.

मग थेंब गोदावरीला भेटतो तरी कुठे? तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कंदकुर्ती नावाचं गाव आहे. तिथे गोदावरी, मांजरा आणि हरिद्रा यांचा त्रिवेणी संगम आहे. हे ठिकाण नांदेडच्या *खाली*, म्हणजे गोदावरी नांदेड ओलांडून गेल्यानंतरचं. तेव्हा उत्तर झालं: चाकूरचा थेंब नांदेडच्या घाटावरून जात नाही. रस्त्याने चाकूर–नांदेड १०० किलोमीटर. पाणी मात्र दोन राज्यांना वळसा घालून येतं आणि नांदेडला मागे टाकून गोदावरीला गाठतं.

वहीत 'नाही' लिहिलं होतं त्यांना शाबासकी. 'जाईल' लिहिलं त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. माणसं रस्त्याने जातात, म्हणून पाणीही तसंच जात असेल असं आपल्याला वाटतं. पाणी फक्त उतार ओळखतं. जिल्हा, राज्य, भाषा यांतलं त्याला काही वाचता येत नाही.

वरचे आणि खालचे

म्हणून कंदकुर्तीच्या संगमावर एक गंमत होते. नांदेडच्या घाटावरून गेलेलं पाणी आणि चाकूरच्या पत्र्यावरून निघालेलं पाणी तिथे पहिल्यांदा एकमेकांना भेटतं. नांदेडहून आलेलं पाणी आपल्याबरोबर काय घेऊन येतं? शहराला दिलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी वापरून झाल्यावर सांडपाणी होतं, असा हिशेब धरतात. साडेसात कोटींचे ८० टक्के म्हणजे सहा कोटी लीटर, रोज. ते शुद्ध न करता नदीत गेलं, तर खालच्या गावांनी काय प्यायचं? नदीकाठच्या कुठल्याही शहराला हा प्रश्न चुकलेला नाही.

वरच्यांनी पाणी अडवलं तरी खालच्यांची पंचाईत, आणि सगळंच सोडून दिलं तर वरच्यांची. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्यातल्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात भांडण होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निकाल दिला. बंधाऱ्याची दारं १ जुलैला उघडायची, पावसाळाभर उघडी ठेवायची आणि २९ ऑक्टोबरला बंद करायची. शिवाय १ मार्चला ठरलेलं थोडं पाणी खाली सोडायचं. घरात पाणी आलं की आई कशी सांगते, "आधी प्यायचं भरा, शेजारच्या काकूंनाही दोन हंडे भरू द्या"? तसंच हे. फक्त इथे शेजारी म्हणजे अख्खं राज्य!

चाकूर या साखळीत सगळ्यात वर बसलं आहे. वरच्या माणसाला एक फायदा असतो. थेंब सगळ्यात आधी त्याच्या हाती येतो. त्याचा हिशेब करू. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लीटर पाणी होतं. तुमच्या घराचं छत १० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद, म्हणजे ४० चौरस मीटर धरा. वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर. ४० गुणिले ८०० म्हणजे ३२,००० लीटर! थोडं उडून जाईल, थोडं सांडेल. ८० टक्के हाती लागलं तरी २५,६०० लीटर. खेड्यात माणशी दिवसाला ५५ लीटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराला लागतं २७५ लीटर. भागा बरं. घर तीन महिने चालेल, एवढं पाणी तुमच्या एकट्याच्या छतावरून दर वर्षी निघून जातं. ते टाकीत साठवता येतं, नाहीतर शोषखड्डा करून, जुन्या विहिरीत किंवा बोअरजवळ मुरवता येतं. खडकाच्या भेगांत उतरलेलं हे पाणी उन्हाळ्यात कुणाच्या तरी विहिरीला येतंच.

नांदेडच्या बसस्थानकावर उतरताना मी त्या मुलाला उत्तर सांगितलं. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "म्हंजे आमच्या गावाला नदी नाही असं नाही. नदी आमच्यापासून निघती, पण मामाकडं येत नाही."

"बरोबर. आता पुढचा प्रश्न. तुमच्या घराचा पत्रा किती लांब, किती रुंद?"

त्याने आजीकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "मोजलाय कुणी कधी? गेल्यावर मोजू की." आणि त्याचा हात धरून रिक्षाकडे चालू लागल्या.

आता तुमचं काम. या रविवारी बाबांची मोजपट्टी घ्या आणि छत मोजा. घरात माणसं किती, तेही लिहा. मग नकाशात तुमच्या गावाजवळचा ओढा शोधा, आणि त्याच्यावर बोट ठेवून चालत राहा, अगदी समुद्रापर्यंत. वाटेत किती गावं, किती शहरं लागतात, त्यांची नावं लिहा. तुमच्या दारातून गेलेलं पाणी ज्यांच्या दारात जाणार आहे, ती ही सगळी मंडळी.